चालक उपलब्ध

नांदेडच्या बाहेर, लातूर रस्त्याला लागून असलेल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी काम करते. कोणती गाडी कुठे पाठवायची, कोण मोकळं आहे, माल उतरला की नाही, हे बघायचं काम. आधी सगळं फोनवर चालायचं. मग मालकांनी सॉफ्टवेअर घेतलं. गाड्यांमध्ये यंत्रं बसली, ड्रायव्हरांच्या मोबाईलमध्ये ॲप आलं आणि माझ्या टेबलावर नकाशा उघडला. गाडी म्हणजे हिरवा बाण, ड्रायव्हर म्हणजे निळा ठिपका, ठिपक्याखाली नाव. रोज सकाळी ॲप आवाज करून ड्रायव्हरला विचारायचं, ‘आज कामावर येणार का?’ त्यानं ‘हो’ दाबलं की माझ्याकडे त्याच्या नावापुढे ‘उपलब्ध’ उमटायचं.

लोकांना ते फारसं रुचलं नाही. “ताई, आता आडोशाला गेलो तरी दिसंल का तुमाला?” असं एकानं विचारलंही. कुरकुर केली नाही ती फक्त मामांनी. नायगावजवळच्या खेड्यातले हे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांना मालकसुद्धा मामाच म्हणायचे. “बरं हाय की,” ते म्हणाले, “चालवता चालवता फोन घ्यायची कटकट न्हाई.” कुठलीही ट्रिप टाकली की लगेच ‘हो’ यायचं.

उन्हाळ्यातली दुपार होती. मामा उदगीरहून डाळ भरून निघाले होते. जळकोट मागे पडलं आणि बाण थांबला, ठिपकाही थांबला. चहाला उतरले असतील, मला वाटलं. थोड्या वेळानं सहज फोन लावला तर कुणी अनोळखी माणूस बोलला.

“तुमची गाडी हाय का ही? गाडी कडंला बराबर लावलेली हाय, इंडिकेटर बी चालू हाय. पण हे डायव्हर उठंना झालेत.”

मी ओरडूनच मालकांना बोलावलं. मालक फोनवर बोलत असताना मी स्क्रीनकडे बघत होते. बाण जागेवर राहिला आणि निळा ठिपका त्याच्यापासून सुटला. हळूहळू उदगीरच्या दिशेनं परत जायला लागला. मामांना दवाखान्यात नेत होते. त्या भल्या माणसानं फोन परत त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. दवाखान्याच्या जागी ठिपका थांबला आणि तिथून हलला नाही. मामा गेले, हे फोन येण्याआधीच मला कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार. गाडी रस्त्याच्या बाजूला घेण्यापुरताच वेळ मिळाला.

नंतर ठिपका विझला. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. तो अर्धापूरची केळी न्यायचा. त्याला त्या केबिनमध्ये करमायचं नाही. “लई शांत वाटून राहिलं गाडीत,” एवढंच म्हणायचा आणि गाणी मोठ्यानं लावायचा.

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी मी नकाशा उघडला आणि नायगावच्या बाजूला निळा ठिपका दिसला. खाली मामांचं नाव. पुढे ‘उपलब्ध’.

मी खुर्ची मागे सरकवली. केळीवाला ड्रायव्हर तिथंच उभा होता, त्यानंही पाहिलं. “ताई, बंद करा ते,” म्हणाला आणि बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा आला. मग रोजच यायला लागला. दुपारी कधीतरी विझायचा, सकाळी परत हजर. घरी कुणी फोन वापरत असेल हे मला कळत होतं. कळूनसुद्धा सकाळी कॉम्प्युटर चालू करण्याआधी मी बाकीची सगळी कामं उरकून घ्यायचे.

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला. नायगावहून लातूरला माल जायचा होता. आमचं सॉफ्टवेअर जवळचा मोकळा ड्रायव्हर स्वतःच शोधतं. त्यानं मामांना शोधलं. मी रद्द करणार तेवढ्यात टिंग वाजलं: ‘ट्रिप स्वीकारली.’

सगळे माझ्या स्क्रीनपाशी जमले. शेवटी मालक म्हणाले, “सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लाव. नाव काढायला सांग.” मी लावला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, काढता येईल. पण चालक तर ॲक्टिव्ह दिसतोय.” मी त्याला थांबायला सांगितलं आणि रविवारी एसटीनं मामांच्या गावाला गेले.

मामी घरीच होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोनाड्यात मामांचा फोन चार्जिंगला लावलेला. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “त्याच्यासाठी आल्या का तुमी?”

“मामी, ‘हो’ तुम्ही दाबता?”

“हाव.” त्या खाली बघत होत्या. “फोन बंदच होता. लेकीनं फोटो बघायला चालू केला. सकाळी वाजला, विचारून राहिला, आज येणार का. मी काय सांगू त्याला? त्यायनी कवा न्हाई म्हणलेलं मला ठावं न्हाई. ‘न्हाई’वर बोट जाईना माझं.”

“आणि ती लातूरची ट्रिप?”

“ती बी आली तशीच. म्हणलं, गाडी दारापुढं येती का बघावं.”

मामींनी चहा ठेवला. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच फोन काढून माझ्यासमोर धरला. “तुमाला तरास होऊन राहिला असंल. कसं करायचं ते सांगा, पण दाबते मीच.”

सकाळचं ‘हो’ कुठे बदलायचं ते मी दाखवलं आणि त्यांनी ‘नाही’ दाबलं. ॲपनं कारण विचारलं. रजा, आजारपण, गाडी दुरुस्ती, इतर. मामींनी एकेक शब्द बोट ठेवून वाचला.

“ह्याच्यात त्यायचं कुठं हाय?”

“नाही त्यात, मामी.”

बराच वेळ बोट अधांतरी राहिलं. मग त्यांनी ‘रजा’ दाबलं. “कवाच घेतली नव्हती,” म्हणाल्या, आणि त्यानंतर रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी नाव काढायला लावलं. तरी पुढे कित्येक दिवस सकाळी माझी नजर आधी नायगावकडेच जायची. तिथे नुसते रस्ते दिसायचे. भीती गेली होती असंही नाही. ठिपका नव्हता त्याचीच आता भीती वाटायची.

वर्षाच्या पुण्यस्मरणाला आम्ही सगळे गेलो. केळीवाला ड्रायव्हर मामांचीच गाडी घेऊन आला होता. जेवणं झाल्यावर मामी गाडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. ड्रायव्हरनं दार उघडलं. मी खालून हात दिला आणि त्यांच्या शेजारी बसले.

आम्ही नांदेड रस्त्यापर्यंत गेलो. गाणी बंद होती. मामी काचेतून समोर बघत होत्या, दोन्ही हात डॅशबोर्डवर.

“इतकं उंच असतंय व्हय,” त्या म्हणाल्या.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “एकट्याला भ्या वाटतंय का रे हितं?”

“वाटायचं, मामी,” तो म्हणाला. त्यानं फाट्यावर गाडी वळवली आणि आम्ही गावाकडे परत निघालो.