अनंताची वाटणी

त्या सुमारास देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता, आणि त्याचा दोष मी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला देत असे. वाटणीत घर त्याच्याकडे गेलं, त्याचं एवढं वाटलं नाही. दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. पण आमच्या घराण्याचं अनंताचं व्रत, तो चौदा गाठींचा रेशमी दोरा, त्यानं थोरलेपणाच्या हक्कानं ठेवून घेतला. "निम्मा देव माझा आहे," असं मी भर सोप्यात ओरडलो होतो. त्यानंतर सहा वर्षं त्याचा उंबरा चढलो नाही.

मग बायकोला विषमज्वर झाला. वीस दिवस ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहायची. मी मारुतीपुढे उभा राहिलो, तोही गिऱ्हाइकासारखा. आधी रेशमी शेला बोललो, मग चांदीचे डोळे, मग प्रभावळ. देव गप्प, आणि मी आपला भाव वाढवतोय. शेवटी संतापून परतलो. घरी तिच्याकडे बघवेना, म्हणून शेजारणीला बसवून दुकानात आलो. ज्याला अंत नाही असं काही नसतंच, असं मनाशी ठरवून टाकलं.

दुपारी धारवाडचे एक अनोळखी गणिताचे मास्तर कोटाचं कापड घ्यायला आले. मापता मापता माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, टोक नसलेली वस्तू असते का हो? मी तरी बिनटोकाचा तागा पाहिला नाही."

"ताग्याचं मला ठाऊक नाही," ते हसले. "एक, दोन, तीन असे सगळे आकडे घ्या. त्यातले विषम काढून टाका. किती राहिले?"

"निम्मे. शेंबडं पोर सांगेल."

"मग एकासमोर दोन मांडा, दोनासमोर चार, तिनासमोर सहा. कुणी बिनजोडीचा राहतो?"

गज हातात धरून मी बराच वेळ जोड्या लावत राहिलो. एकही सुटेना.

"म्हणजे निम्मे काढले तरी तितकेच राहिले. असं काही जगात खरोखर असतं का, यावर मोठमोठे लोक भांडतात. मला माहीत नाही. पण असलंच, तर त्याची वाटणी होत नाही, शेठ. आणि कापड ओढून मापू नका."

ज्यातून काढून कमी होत नाही, त्यात माझ्या शेल्यानं भर ती काय पडणार? आणि सहा वर्षं मी निम्मा मागत होतो तो कशाचा? मास्तरांना कापड चार बोटं जास्तच दिलं, दुकानाला कुलूप लावलं आणि अण्णाचं घर गाठलं. दाराला कडी. शेजारी म्हणाले, "दोघं मघाशीच तुमच्याकडे गेलीत."

धावत घरी आलो. अण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. आत वहिनी बायकोच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. तिच्या डाव्या दंडावर तो दोरा होता.

"बारो, ये बस," अण्णा म्हणाला. "घाम फुटलाय. उतरतोय ताप."

मी खाली बसलो. "दोरा आणलास. मग तुझ्याकडे काय राहिलं?"

"काय राहिलं म्हणजे? देव्हारा काय ओस पडला? सहा वर्षं हेच सांगायचं होतं, तू ऐकून घेशील तर ना."

ताप दोऱ्यानं उतरला की त्याची मुदत संपली म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. अनंत खरोखर आहे, हे मला मांडून दाखवता येणार नाही. मी निघण्याआधीच अण्णाला माझ्या दारी कुणी आणलं, हेही नाही. स्वभाव अजून तिखटच आहे, पेठेत घासाघीस चालते. देवळात मात्र आता काही बोलत नाही. हात जोडतो आणि मिळालेलं आठवत उभा राहतो. अनंत चतुर्दशीला आम्ही अण्णाकडे जातो. दोरा एकच आहे. तो कुणाचा, हे विचारायचं राहूनच जातं.