ड्रम निवेपर्यंत

आमच्या आतोबांचा उजवा तळपाय हा अख्ख्या सोलापूर जिल्ह्यातला सर्वांत बुद्धिमान अवयव होता, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगायला तयार आहे. सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेत मोटारी मोजक्याच, आणि त्या सगळ्यांची नाडी आतोबा या पायाने बघत. तसं त्यांचं कापडाचं दुकान होतं. पण रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की हा गृहस्थ गिऱ्हाइकाला अर्ध्या उलगडलेल्या लुगड्यासह तिथंच सोडून धावे, चप्पल काढे आणि परक्याच्या गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसे. "चप्पल मधी आली की पेडल खोटं बोलतंय," हे त्यावरचं स्पष्टीकरण. मग गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, अनवाणी पायाने ब्रेक दाबायचा. तळव्याखाली पेडल धडधडलं की निदान पक्कं. "ड्रम ओव्हल झालाय. चाकाच्या आतलं लोखंडी डबडं गोल ऱ्हायलं न्हाय. लेथवर चढवून घासून गोल करून घ्या!" एकदा तर त्यांनी वरातीची गाडी अडवली आणि फेट्यातल्या नवरदेवाला खाली उतरवून बजावलं, "बायको जागेवर थांबंल, गाडी थांबायची न्हाय."

औषधामागोमाग पथ्य यायचंच. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. चाकाचे नट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आवळायचे. आणि तापल्या ड्रमावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. "लाल तव्यावर पाणी मारून बघा की! कसं वाकडं तोंड करतोय त्यो!"

आणि या धन्वंतरीची स्वतःची काळी मोटार? ब्रेक लावला की हिवताप भरल्यासारखी थरथरायची! पेठेतले लोक मिटक्या मारत विचारत, "शेठ, वैद्याच्याच घरी खोकला व्हय?" आतोबा कधी रस्त्यांना शिव्या देत, कधी लेथला. शेवटी लेथवाल्याने हात जोडले. "शेठ, घासून घासून ड्रमाचा पापड झालाय. पुढच्या उतारावर ब्रेक लागंलच, ह्याचा भरवसा मी देत न्हाय." तेव्हापासून आतोबांना खरोखरीच झोप लागेना.

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला गेलो होतो. येताना दारात गाडी उभी राहिली. एरवी आतोबा उतरून थेट न्हाणीघर गाठायचे. पण त्या दुपारी त्यांचा चष्मा सीटखाली पडला आणि ते वाकून चाचपडत राहिले. तेवढ्यात आत्या भला मोठा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिने पुढच्या चाकावर धार धरली.

छर्रर्र! वाफेचा लोट उठला.

"लई दमली की रं," आत्या मला म्हणाली. "केमला माझ्या माहेरी बैल घरी आलं की खुरांवर पाणी घालत्यात. तुमी गेला की माझा जीव टांगणीला लागतोय. ही तुमाला सुखरूप आणती, तिला येवढं बी करू नगं व्हय?"

सीटखालून आतोबांची मान वर आली. मी तर आनंदाने सरसावून बसलो. आता तव्याचं व्याख्यान! आतोबांनी तोंड उघडलंसुद्धा. पण आत्या पदराने गाडीचा दिवा पुसत होती, लेकराचं नाक पुसावं तशी. तोंड मिटलं.

"घाल," ते म्हणाले. "मागच्या चाकाला ऱ्हायलं बघ."

पुढे पुण्याहून नवे ड्रम आले, आणि पेठेच्या मते त्याच सुमारास शेठचं डोकं फिरलं. कुठूनही परतताना ते जकात नाक्याजवळच्या लिंबाखाली गाडी उभी करून नुसते बसून राहत. ना चहा, ना पान. मधूनच चाकाजवळ तळहात नेऊन म्हणत, "अजून ताप हाय." ताप उतरला की बैलगाडीच्या चालीने घरी. आत्या विचारायची, "येवढा उशीर?" उत्तर ठरलेलं, "गर्दी हुती." सोलापुरात, भर उन्हाळ्यात, दुपारी गर्दी! पण ते ड्रम कायम बांगडीसारखे गोल राहिले आणि आत्याचं पाणी एकदाही चुकलं नाही.

आत्या गेली त्या वर्षी मी आतोबांबरोबर केमला जाऊन आलो. परतताना गाडी लिंबाखाली थांबली. आता कशासाठी, हे मी विचारलं नाही. आतोबांनी चाकाजवळ हात नेला, वाट पाहिली, पुन्हा नेला.

घराला कुलूप होतं. ते उघडून आतोबा आत गेले आणि तोच तांब्या घेऊन आले. एकेका चाकावर सावकाश धार धरू लागले. कुठेच छर्र वाजलं नाही. तिसऱ्या चाकापाशी तांब्या रिकामा झाला, तरी ते तसेच धरून उभे राहिले.

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि भरून आणला.

"आतोबा," मी म्हणालो, "मागच्या चाकाला ऱ्हायलं."