वांग्याला तांबडं, माशाला फिकट

तहानलेल्या माणसाच्या हातातला पेला काढून घेण्यासाठीच देवाने एखादा माणूस जन्माला घातला असेल, तर तो म्हणजे आमच्या वहिनीचे मामा. ते मुलुंडहून आमच्याकडे अंधेरीला आले, की घरात कुणाला सुखाने घोटभर ताक पिता येत नसे. पेला आधी उजेडाकडे धरायचा, मग नाकाशी न्यायचा, मग एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटून बसायचं. एकदा ते इतका वेळ बसले, की आई घाबरून दादाला हाका मारू लागली. मामांनी सावकाश डोळे उघडले आणि म्हणाले, "कालचं विरजण. जरा घाई झालीय." वहिनी त्यांची सख्खी भाची, पण तिलाही सूट नव्हती. पाहुण्यांसमोर तिच्या लिंबाच्या सरबताला ते "प्रामाणिक आहे, पण खोली नाही" असं म्हणाले होते, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात कुणालाच सरबत मिळालं नव्हतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. फोर्टात विलायती दारू मागवणारी एक कंपनी होती, तिथे मामांनी बावीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. कुठली वाइन कुठल्या पदार्थाबरोबर द्यावी, हे क्लबांना आणि बड्या हॉटेलांना सफाईदार इंग्रजीत कळवायचं, हे त्यांचं काम. पुढे दारूबंदी आली, गोदामाला कुलूप लागलं आणि कंपनीचा गोरा साहेब बोटीत बसून निघून गेला. मामांना एका औषधांच्या दुकानात नोकरी मिळाली. पण खोकल्याचं औषध कशाबरोबर घ्यावं हे गिऱ्हाईक विचारत नाही, त्यामुळे बावीस वर्षांची विद्या आमच्या सरबतांवर येऊन पडली. एका उन्हाळ्यात त्यांनी वहिनीच्या कोकमाच्या बाटल्या गोधड्यांच्या ट्रंकेत आडव्या निजवून ठेवल्या, बूच ओलं राहायला हवं म्हणून. बुचं ओली राहिली. गोधड्याही राहिल्या.

अशा माणसाच्या हाती माझं लग्न सापडलं. मुलगी घाटकोपरची, सुधा नावाची. तिचे वडील शाळेत मास्तर, अंगात खादी, आणि दारूबंदीसाठी गुत्त्यांसमोर उभे राहून मार खाल्लेले. मे महिन्याची सुटी होती, दोन्ही घरांनी जरा मोकळेपणाने भेटावं म्हणून दादाने जुहूला एका ओळखीच्या माडांच्या वाडीत रविवारचं जेवण ठरवलं. तिथेच निखारे करायचे, आपल्यासाठी मासे भाजायचे, मास्तरांसाठी वांगी आणि रताळी. पिण्याचं काय ते मी बघतो, असं मामांनी परस्पर जाहीर केलं. मी त्यांच्यासमोर हात जोडले. "मामा, काहीही करा, पण मास्तरांपुढे वाइन हा शब्द काढू नका."

"मी काय खुळा आहे का रे?" मामा म्हणाले.

रविवारी दादा खारदांड्याहून ताजे बांगडे घेऊन आला आणि मामा ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या सात बाटल्या घेऊन आले. पन्हं, लिंबू, कोकम, आणखी कायकाय. माडाच्या सावलीत खड्डा खणून त्यांनी सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत वाळूत पुरल्या आणि शेजारी राखण करत बसले. बाराचं ऊन, चुलीचा धूर, सगळ्यांचे घसे सुकलेले, आणि हा माणूस कुणाला हात लावू देईना. जेवणाआधी प्यालं की जीभ झोपते म्हणे. सुधाने हळूच वहिनीला विचारलं, "नुसतं पाणी मिळेल का हो?" पाण्याचा तांब्याही मामांच्याच मांडीशी होता. "पाणी दोन पदार्थांच्या मध्ये," ते म्हणाले. त्या क्षणी मी त्यांनाच वाळूत पुरलं असतं.

अखेर पानं वाढली. मास्तरांनी भाजलेल्या वांग्याचा एक घास घेतला आणि लिंबाच्या सरबताची बाटली उचलली. मामांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ते फिकट. ते माशाला. तुम्हाला वांगं आहे ना, मग तांबडं घ्यायचं, कोकम."

"असं कुणी ठरवलं?" मास्तरांनी विचारलं.

"ठरलेलंच आहे. धुरकट पदार्थाला तांबडी वाइनच लागते. फ्रान्सच्या दक्षिणेकडची, जराशी तुरट, मागे हलकी गोडी..." आणि मामा सुटले. दादा खोकला, वहिनीने हातातला बांगडा निखाऱ्यात पाडला. मी वाळूकडे बघत मनातल्या मनात सुधाचा निरोप घेतला.

मामा दमून थांबल्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे आपण घेत होता."

"मी? छे. थेंबही नाही."

"मग तुरट लागते हे कशावरून?"

"साहेब सांगायचा, मी लिहून घ्यायचो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "बोटीवर जायच्या दिवशी साहेबाने ग्लास भरून माझ्या हातात दिला. मी उजेडाकडे धरला, वास घेतला, आणि तसाच खाली ठेवला. मास्तर, बावीस वर्षं मी लोकांना लिहिलं, ही अशी लागते, ती तशी लागते. प्यायलो असतो, आणि ती तशी लागलीच नसती, तर?"

मास्तरांनी वांग्याकडे पाहिलं, मग रिकामा पेला पुढे केला. "द्या तुमचं तांबडं."

ते प्यायले. उरलेल्या वांग्याचा एक घास घेऊन पुन्हा प्यायले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

माझं लग्न जमलं, ते त्याच दुपारी. तरीही परतीच्या बसमध्ये मामांना चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं. पण ते रिकाम्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाळ, मास्तरांना खरंच पटलं असेल, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले?"

"खरंच पटलं, मामा."

"मग साहेबाला कळवायला हवं," ते म्हणाले, आणि पत्राचं पहिलं वाक्य मनात जुळवत असल्यासारखे ओठ हलवू लागले. साहेबाचा पत्ता त्यांच्याकडे कधीच नव्हता, हे मला वहिनीकडून कळलं, पण फार नंतर.