पोवळ्याची तहान
समुद्री मिठाचं पाकीट फोडलं, की त्या खारट वासासरशी मला तो उन्हाळा आठवतो. किडनीच्या आजारानं धाकटा भाऊ जाऊन महिना झाला होता, आणि त्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी हॉलमध्ये तशीच चालू होती. दोन नारंगी मासे, आणि त्यानं जिवापाड जपलेलं जांभळं पोवळं. ते दिवसेंदिवस आक्रसत चाललं होतं. टाकीतलं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागतं, पण आमच्या भागात कित्येक दिवस नळच आला नव्हता. घरात पिण्याच्या पाण्याचा एक हंडा तेवढा उरला होता. म्हणून वडिलांनी शहागंजच्या बाजारातून पोवळ्याला लागणाऱ्या क्षारांच्या औषधाची बाटली आणली होती, आणि रोज सकाळी ते टोपणभर औषध टाकीत ओतायचे. त्या दिवशी त्यांनी दोन टोपणं ओतली, तिसरं भरलं, तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला. “बास करा आता.” वडील तिच्याकडं न बघताच म्हणाले, “पाणी नाय, मग दुसरं काय घालू? त्याचं एवढं तरी जगलं पाह्यजे.” आई म्हणाली, “पोराला बी आपण शेवटपर्यंत औषधंच पाजली. पाणी पाणी करायचा, तर डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून घोटभर दिलं नाय. ह्याला तरी पाणी द्या.” आणि तिनं आतून तो हंडा आणून बादलीत रिकामा केला, त्यात समुद्री मीठ ढवळलं आणि ते पाणी टाकीत ओतलं. आजही नळ आला, की पहिली बादली टाकीची असते. मीठ आईच ढवळते, आणि पाणी ओतताना हळूच म्हणते, “घे, पोटभर पी.”