जहाजावरचं कुणी मरत नाही

नाखवाकाकांना होडी लागायची. एकदा सोसायटीची सहल खाडीपलीकडे निघाली, तर जेमतेम पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात त्यांनी सकाळचे पोहे खाडीला अर्पण केले आणि परतताना कुणाचं न ऐकता तीन वाहनं बदलून रस्त्याने एकटे घरी आले. तरी भाईंदर पश्चिमेच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे नाखवाच म्हणत. नाव ठेवलेलं काकूंनी. विमा कचेरीतला हा कारकून घरी आला की बनियनवर बसून अंतराळातलं जहाज हाकायचा, म्हणून.

ते जहाज पुस्तकांतलं होतं. ताऱ्यांमध्ये भटकणाऱ्या एका जहाजाची परदेशी मालिका आपल्याकडे कुठल्याशा वाहिनीवर काही रविवार दिसली आणि बंद पडली. पुढे तिकडेही बंद पडली म्हणे. पण मालिकेवरून निघालेल्या इंग्रजी कादंबऱ्या काही थांबेनात. जहाज तेच, माणसं तीच, दर पुस्तकात नवं संकट. काका त्या फोर्टच्या फूटपाथवर हुडकत. क्रमाने कधीच मिळत नसत, आणि मधलं सोडून पुढचं उघडायचं नाही हा त्यांचा कडक नियम. आठवं पुस्तक सापडेपर्यंत नववं, दहावं आणि बारावं कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात वर्षभर पडून होती. इंग्रजी त्यांचं रात्रशाळेत शिकलेलं. ऑफिसला जाता-येता एक प्रकरण ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आणि संध्याकाळी चहा पिता पिता ते मला मराठीतून सांगत.

मी शेजारची. नऊ वर्षांची असताना माझे बाबा गेले. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. ते पूर्वेकडे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होते. त्याच कारखान्यात मग आईला पॅकिंगला घेतलं. तिला यायला आठ वाजत, तोवर मी काकूंच्या घरी. पहिल्या संध्याकाळी काकांनी पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा मी आधी विचारलं, यात कोण मरतं? मला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. मरणार असेल कुणी, तर मला गोष्ट नको होती.

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ह्या पुस्तकांत जहाजावरचं कुणी मरत नाही गो. मालिकेवरची पुस्तकं ना ही. लेखकाला तशी मुभाच नसते. शेवटच्या पानावर सगळी माणसं जिथल्या तिथं परत ठेवायला लागतात. माझा शब्द."

मला तो कायदा फार आवडला. त्या भरवशावर मी जहाजावर चढले आणि चढल्या चढल्या इंजिनखोलीत गेले. तिथे हाल्विन नावाचा म्हातारा होता. जहाजाचं सगळं यंत्र त्याच्या हाताखाली. काकांच्या सांगण्यात हाल्विन कप्तानाला जुमानत नसे, बिघडलेल्या यंत्राला आधी कान लावून मग शिव्या घालत असे, आणि नटबोल्ट मिळाला नाही तर सुंभाने बांधून वेळ निभावून नेत असे. अंतराळात सुंभ कुठला, असं मी विचारलं नाही. आमच्या घरचा पंप बाबांनी तसाच बांधलेला होता.

ही पुस्तकं लिहिणारे दर खेपेला वेगळे असत, त्यामुळे घोळही पुष्कळ. चौथ्यात कप्तानाचे डोळे निळे, सहाव्यात तपकिरी. एकात हाल्विनला पोहता येई, दुसऱ्यात तो पाण्याला भिई. मी चुका पकडायला टपलेलीच असायची. काका शांतपणे म्हणत, "लेखक बदललाय गो, माणूस तोच आहे." पुढे आयुष्यात त्यांचं हे वाक्य मी भलत्याच ठिकाणी वापरलं. साहेब बदलले, सासर झालं, आईचा स्वभाव म्हातारपणी फिरला, तेव्हा तेच स्वतःला सांगत राहिले.

एकतीस पुस्तकं झाली. तोवर मी बारावीला गेले होते. मग कॉलेज, नोकरी, लग्न, मीरा रोडचा फ्लॅट. मीरा रोड ते भाईंदर म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, पण मी दिवाळीला फराळाचा डबा देण्यापुरती जात असे, आणि तेव्हाही माझं एक लक्ष घड्याळाकडे. हे लिहिताना लाज वाटते. मला ज्यांनी संध्याकाळी आठपर्यंत सांभाळलं, त्यांना मी वर्षाला वीस मिनिटं देत होते.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. साखरेने काकांचे डोळे आधीच नेले होते, आता मूत्रपिंडं धरली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार लांबचं काही ठरवू नका. मी भेटायला गेले, तर काकांनी तब्येतीचं बोलणं झटकून टाकलं आणि त्यांना एकच पाहिजे म्हणाले: ती सगळी पुस्तकं पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकायची होती. आता डोळे माझे.

मी रविवारी सकाळी जाऊ लागले, मग बुधवारीही. मनात हिशेब इतकाच, की एकतीस पुरी होईतो हा माणूस राहिला पाहिजे. काका खाटेवर भिंतीला टेकून बसत, हातातल्या सुईच्या जागेवर पट्टी. त्यांच्यासाठी मी इंग्रजीच वाचत असे, आणि वाचता वाचता माझा चेहरा उतरत जाई. पुस्तकं अगदीच साधी निघाली. पटापट लिहिलेली, एकसारखी. त्यांत हाल्विन कुठे होता? दर पुस्तकात त्याला पाच-सहा वाक्यं. 'इंजिन गरम झालंय, कप्तान.' बस. शिव्या नाहीत, यंत्राला कान लावणं नाही, सुंभ तर नाहीच. माझा सगळा हाल्विन काकांनी चहाच्या कपाबरोबर तिथल्या तिथे घडवलेला होता. मी हे बोलून दाखवलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

सोळावं संपलं, आणि काका टाळाटाळ करायला लागले. आज दमलोय, आज नुसत्या गप्पा मारू. एकदा म्हणाले, सतरावं बहुतेक हरवलंय, अठरावं घे. मधलं सोडून पुढचं कधी न उघडणारा माणूस हे म्हणत होता. मी कपाट उघडलं, तर सतरावं तिथेच होतं, पाल्यासकट. काकू त्या दिवशी भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या. मी वाचायला घेतलं.

चार बैठकांनी शेवटून दुसरं प्रकरण आलं. त्यात इंजिनखोलीत आग लागते. दार आतून बंद केल्याशिवाय जहाज वाचत नाही. हाल्विन दार आतून बंद करतो. पान उलटण्याआधीच माझी नजर खालच्या ओळीवर गेली, आणि मी थांबले.

त्यांना आता काय काय होत होतं ते मला ठाऊक होतं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला मी हे वाचून दाखवू? मी पान उलटलं आणि माझ्या मनाने वाचू लागले. हाल्विन मागच्या बाजूने बाहेर आला, खोकला, कप्तानावर खेकसला, म्हणाला चहा ठेवा. इंग्रजी अडखळत होतं, पण मी ते प्रकरण शेवटाला नेलं.

काकांनी हात पुढे करून पुस्तकावर ठेवला. मग म्हणाले, "असं नाही त्यात. तो दार लावून आतच ऱ्हातो."

मी उलटलेलं पान परत मागे घेतलं.

"तुला शब्द दिलेला मी. आणि फशी पडलो ना. मालिका बंद पडली, तेव्हा लेखकांना मोकळं रान झालं, ते कुठं मला ठाऊक? तुझ्या बाबाला जाऊन चार वर्षं झालेली, पण तू अजून साडेसातला, त्याच्या घरी यायच्या वेळेला, खिडकीत जाऊन उभी ऱ्हायचीस. मी तुला कसं सांगू, हाल्विन गेला म्हणून?"

पुढची चौदा पुस्तकं त्यांनी त्याला जिवंत ठेवला होता. जिथे तो नव्हता तिथे दर संध्याकाळी त्याला आणून बसवला, काम दिलं, बोलायला लावलं. दिवसभर फायली उपसून घरी येणाऱ्या माणसाने, एका पोरीसाठी.

"वाच आता, आहे तसं," ते म्हणाले. "खोटं घेऊन मला जायचं नाही."

मी वाचलं. हाल्विन दीड पानात गेला. लेखकाने त्याला साधी दोन वाक्यंही धड दिली नव्हती. मी ढसाढसा रडले. नऊ वर्षांची असताना आईकडे बघून मी रडणं आवरलं होतं, ते सगळं त्या दीड पानावर बाहेर आलं. काकांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून बसले. खूप वेळाने म्हणाले, "मी मात्र नाही गो माझा शब्द पाळू शकत. मला जायला लागेल." मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी डायलिसिसमधून त्यांना परत आणलंच नाही. अठराव्या पुस्तकाची खूण पहिल्या पानावरच राहिली. पुढे इमारतीतले लोक नाखवा गेले म्हणून भेटायला येत, आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन आमच्या काकूंचा हात धरून "अंकल बहोत अच्छे थे" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत बसत. तेरावं झालं, गावाहून आलेली माणसं परत गेली.

त्या रविवारी मी गेले, तेव्हा काकू रिकाम्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. पुस्तकांचं काय करायचं, ते विचारायला मी आले होते. काकूंनी माझ्या हातात अठरावं दिलं.

"मला सांग पुढचं," त्या म्हणाल्या.

मी उघडलं आणि घुटमळले. काकू, यात हाल्विन नाही, असं कसंबसं सांगितलं.

"माहीत हाय मला. सतरावं वाचलंन तेव्हा हे रात्री जेवले नव्हते. घास हातात तसाच." काकूंनी पुस्तक माझ्या हातातून काढून मिटलं आणि बाजूला ठेवलं. "ह्यातलं नको. ह्यांचं सांग. इतकी वर्षं मी ते आतून पोळ्या करताना ऐकलंय."

अठराव्यात काका हाल्विनला कुठून आणायचे, ते मला किती केल्या आठवेना. मग मी त्याला इंजिनखोलीतच बसवला, कुठल्याशा पंपाला कान लावून, आणि तिथून सुरुवात केली.