गूळ शेळीचा, शुगर माझी

आमच्या घरी गूळ शेळीनं खाल्ला आणि शुगर माझी वाढली.

हे वाक्य मी त्या सकाळी अख्ख्या गल्लीला सांगितलं. एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. शेळीनं ठेवला असेल, पण तिला कोण विचारतो!

आधी माझी योग्यता सांगतो. मला शुगर निघाली तेव्हा मी हातपायच गाळले होते. पण आरोग्य केंद्रातल्या सिस्टर दर महिन्याला मारुतीच्या पारावर आम्हा शुगरवाल्यांना बसवून शिकवायला लागल्या, आणि पुढच्या रांगेत बसून मी असा तयार झालो की गावानं माझं नाव 'डॉक्टर' पाडलं. भाकरी किती खायची, पायाला जखम झाली का ते रोज कसं बघायचं, गोळी काहून चुकवायची न्हाई, काहीही विचारा, सांगतो. नाही विचारलं तरी सांगतो!

खरं म्हणजे यात मोठा वाटा सुमनचा, आमच्या घरधनिणीचा. मला शुगर निघाली त्याच दिवशी तिनं स्वतःच्या चहातली साखर बंद केली. "एकट्या मानसाला फिका चहा गिळवंल का?" एवढंच म्हणाली. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं माझ्यासंगं चालायलाही तीच. जन्मभर पाकासारखा चहा पिलेली बाई, पण कधी तोंड वाकडं केलं नाही.

तर त्या दिवशी पहाटे आमची काळी शेळी व्याली. दोन पिल्लं! व्यालेल्या शेळीला आमच्याकडं शिजवलेल्या बाजरीत गूळ कालवून घालतात. सुमन पाण्याला गेलेली, म्हणून मीच गूळ फोडला, दोन्ही हातांनी चुरला, कालवला, शेळीला पोटभर चारला. हात धोतराला पुसले. तेवढ्यात सुमन घागर घेऊन आली.

"अवं, आज शुगर बघायची हाय ना? उपाशी हाव तंवर बघून घ्या."

मी ऐटीत ओट्यावर बसलो. बोट टोचलं, थेंब मशीनच्या पट्टीला लावला. आकडा आला तीनशे शहाऐंशी!

"काय खाल्लं?" सुमननं विचारलं.

"काईच न्हाई!"

"मंग मशीन लबाड बोलून राहिली व्हय?"

तिनं नवी सुई घातली आणि स्वतःचं बोट टोचलं. (पाणी भरून आलेले, स्वच्छ धुतलेले हात तिचे!) अठ्ठ्याण्णव. मशीन निर्दोष सुटली, आरोपी एकटा मी उरलो. मग ती आत गेली आणि रिकामा डबा घेऊन बाहेर आली.

"यातला गूळ कुठाय?"

"शेळीला घातला."

"समदा?"

"अगं, दोन पिल्लं झाली तिला!"

"शेळी व्याली, मान्य. गूळ तिनं खाल्ला, ते बी मान्य. मंग रगात तिचं काढायचं की! तुमची शुगर काहून चढून राहिली?"

डॉक्टरांनी मशीन उलटीपालटी करून बघितली.

आरडाओरडा ऐकून शेजारचा बाबुराव आला. त्याची जीप आहे, आणि कान त्याहून मोठे आहेत.

"मला वाटलंच व्हतं वहिनी! परवा वसमतला हे जिलेबीच्या दुकानाम्होरं उभे व्हते."

"एसटीची वाट बघत व्हतो लेका! सावली तिथंच व्हती!"

"सावली तर मेडिकलम्होरं बी व्हती."

पाठोपाठ त्याची आई, काशीकाकू, तांब्याभर कारल्याचा रस घेऊन हजर. "नाक दाब आन् गीळ!" (असल्या उपायांवर भिस्त ठेवू नका, असं सिस्टरनं शंभरदा सांगितलेलं. पण काकूपुढं सिस्टरचं काय चालतं!) मी गिळला. माझा चेहरा बघून काकू म्हणाल्या, "पोरगं लईच खंगलं बाई." झालं! बाबुरावनं जीप दारात लावली. उशी चढली, घोंगडं चढलं, वसमतचा दवाखाना ठरला.

सुमन मात्र आत वळली. तिनं चुलीवर चहा ठेवला आणि त्यात दोन चमचे साखर टाकली.

"उगंच जीव मारला म्या माझा. आजपास्नं आपला गोडच चहा."

कप घेऊन ती उंबऱ्यावर बसली. पण घोट काही घेईना. डोळे भरून आले होते तिचे. तीनशे शहाऐंशीपेक्षा मला तेच जास्त लागलं. ही बाई माझ्यासाठी फिकं पीत राहिली, आणि आता तिला वाटत होतं, मी चोरून गोड खात होतो.

"सुमन, लेकराबाळांची शप्पथ, म्या खाल्ला न्हाई गं."

"बसा गाडीत," ती म्हणाली.

मी जीपवर एक पाय ठेवला, तोच काळी शेळी पिल्लं सोडून धावत आली आणि माझा हात चाटायला लागली. एकेक बोट! उजवा झाला की डावा!

"जनावराला बी कळतं, धनी चालला," बाबुराव म्हणाला. काशीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. इतकी माया बायकोनंही कधी केली नव्हती!

सुमन तेवढी शेळीकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती. कप ठेवून ती उठली, शेळीच्या तोंडातून माझा हात ओढला आणि नाकाशी नेला.

"बोट टोचायच्या आधी हात धुतले व्हते?"

अरे देवा! पारावरचा पहिला धडा! साबणानं हात धुवा, कोरडे करा, मगच बोट टोचा. बोटाला गोड लागलेलं असलं तर मशीन त्याचाच आकडा सांगती. हे मीच गावभर शिकवत फिरलो होतो!

सुमननं स्वतः पाणी ओतलं. मी कोपरापर्यंत हात घासले, पुसले, दुसरं बोट टोचलं. एकशे अठरा!

सुमन रडता रडता हसायला लागली. "खरं बोलून राहिले व्हते हो तुमी!" मग तिनं तो गोड चहा बाबुरावपुढं केला. "घ्या भावजी, तुमची गाडी फुकट उभी राहिली." आणि आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं. दोन कप, दोन्ही फिके. कारल्यानंतर तो मला अमृतासारखा लागला.

पुढच्या बैठकीत सिस्टरनं विचारलं, "बोट टोचायच्या आधी काय करायचं?" सवयीनं मी उत्तर द्यायला उठलो. पण त्याआधीच बायकांच्या रांगेतून एकसुरात आलं, "शेळीला हात चाटवायचा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्याच घरचा होता.

तेव्हापासून गावात 'डॉक्टर' शेळीला म्हणतात. मी डॉक्टरचा मालक!