घारबाईंनी पकडलेली मुलगी

घारबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. भाजीवाल्याच्या तराजूपासून शेजारणीच्या रंगवलेल्या केसांपर्यंत त्यांच्यापासून काही लपत नसे. गणित त्या ठीकठाकच शिकवायच्या. नाव कमावलं ते परीक्षेच्या वर्गात. "माझ्या हातून कॉपीवाला सुटला, असं एकदाही झालं नाही," हे त्या आल्यागेल्याला ऐकवत.

त्यामुळे एका जुन्या विद्यार्थ्याने कॉपी करणाऱ्या पोरांवर सिनेमा काढायला घेतला आणि पर्यवेक्षिकेचं काम त्यांना देऊ केलं, तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. सिनेमा म्हणजे काय, तर उसना कॅमेरा, सुट्टीपुरता मिळालेला शाळेचा एक वर्ग आणि फुकट काम करणारी पोरं. बाईंना मानधन म्हणून चहा.

प्रसंग सोपा होता. मागच्या बाकावरचा मुलगा पुढच्या मुलीकडे चिठ्ठी सरकवतो, बाई मुलीला पकडतात, मुलगा मान खाली घालून गप्प बसतो. कॅमेरा सुरू झाला, बाई चालत आल्या आणि त्यांनी थेट मुलाचा कान धरला.

"कट! बाई, मुलीला पकडायचंय."

"अरे, चिठ्ठी याने लिहिलीये. बोटाला शाई बघ की!"

शाई खरीच होती. सामान जमवायला वेगळा माणूस नव्हता, म्हणून सकाळी चिठ्ठी त्या पोराकडूनच लिहून घेतली होती. त्याला हात धुऊन यायला सांगितलं. तरी दुसऱ्या वेळीही बाईंचे पाय त्याच्याकडेच वळले, तिसऱ्या वेळीही. पोरं फिदीफिदी हसायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आपल्याला जमायचं नाही, असं बाईंनी सांगून टाकलं.

दिग्दर्शक त्यांना व्हरांड्यात घेऊन गेला. "एकदा जमलं होतं, बाई," तो खाली बघत म्हणाला. "ती चिठ्ठी माझी होती. मी तिच्या मागे बसलो होतो."

बाईंना ते वर्ष आठवलं, बाक आठवला, मुलगीही आठवली. तिचा निकाल राखून ठेवला होता आणि बापाने शाळाच बंद केली होती. चिठ्ठी कोणाच्या हातात आहे एवढंच त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि समोरच्या त्या दाढीवाल्या घोड्याचा भयंकर राग आला.

"तिला सांगितलंस?"

"सिनेमा झाला की दाखवणार होतो."

"सिनेमा गेला चुलीत! ती आहे कुठे?"

ती बाजारामागच्या एका खोलीत कपडे शिवत होती. बाईंना तिने लगेच ओळखलं, खुर्ची पुढे केली. दिग्दर्शक दारातच चपला काढत रेंगाळला. बाईंनी पाठीत धपका घातला, तेव्हा तो एकदाचा बोलला.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि दाताने दोरा तोडला. "मला ठाऊक होतं. याचं अक्षर अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?" बाईंनी विचारलं.

"बोलले असते, तर तुम्ही ऐकलं असतं?"

बाई खुर्चीत टेकल्या. मशीनवर अर्धी शिवलेली बाही तशीच पडली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसतं ऐकलं."